पहिलं दप्तर कोणाचं उघडतं?

श्रीरामपूरच्या अलीकडे प्रवरेकाठी बेलापूर, पलीकडे हरेगाव. ऑगस्ट २०२३मध्ये या हरेगावात शेळी आणि कबुतरं चोरल्याच्या संशयावरून चार दलित पोरांना झाडाला उलटं टांगून मारलं. व्हिडिओ फिरला, निषेध झाले, पुढारी येऊन गेले, गुन्हा दाखल झाला. बेलापूर कंपनीचा साखर कारखाना ज्या हरेगावात उभा राहिला, तेच हे हरेगाव. डिसेंबर १९३९मध्ये महार-मांग वतनदारांच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी वतनाच्या वेठबिगारीवर घाव घातला, तोही इथंच. त्याला ऐंशीहून अधिक वर्षं झाली आणि त्याच मातीत हे घडलं.

या प्रकारावर पोलीस ठाण्यात बोलणं झालं, चौकात झालं, वाहिन्यांवर झालं. आसपासच्या शाळांच्या वर्गांत झालं का, हा माझा प्रश्न आहे. कारण चोर कोण असतो हे माणूस मोठेपणी शिकत नाही. ते फार आधी, चौथी-पाचवीतच ठरून गेलेलं असतं. वर्गात कोणाचा तरी कंपास हरवतो. बाई म्हणतात, ज्यानं घेतला असेल त्यानं मुकाट्यानं आणून द्या. कोणी उठत नाही. मग दप्तरं तपासायची ठरतात, आणि पहिलं दप्तर उघडतं ते मागच्या बाकावरच्या पोराचं. तो भिल्ल वस्तीवरून येतो, नाहीतर पारध्यांच्या पालावरून. दप्तर म्हणजे खताच्या गोणीची शिवलेली पिशवी. तिच्यातून दोन वह्या, पेन्सिलीचा तुकडा आणि सकाळची भाकरी बाहेर पडते. कंपास नसतो. तो नंतर कोणाच्या तरी बाकाखाली सापडतो. त्या पोराची माफी मागायचं कोणाला सुचत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो शाळेत का आला नाही हेही कोणी विचारत नाही. इंग्रजांनी १८७१च्या कायद्यानं काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. देशानं १९५२मध्ये तो शिक्का पुसला. वर्गात तो पुसायचं काम मुख्याध्यापकाचं होतं आणि बहुतेक शाळांत ते राहून गेलं.

मुख्याध्यापकाच्या कपाटात दोन फायली असतात. एकीवर ‘विद्यार्थी सुरक्षा’ लिहिलेलं असतं. तिच्यात सीसीटीव्हीची पावती, संरक्षक भिंतीचा प्रस्ताव, कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीचे कागद. दुसरीवर शिष्यवृत्ती, उपस्थिती भत्ता, मोफत गणवेश. पहिली फाइल तपासणीच्या दिवशी टेबलावर येते, दुसरी मार्चअखेर. दोन्हींत एकाच पोराचं नाव आहे हे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. शाळेत ज्याला सगळ्यांत कमी किंमत मिळते, त्यालाच सगळ्यांत जास्त धोका असतो. हात उगारायचा, अंगाला हात लावायचा, नको ते काम सांगायचं, तर माणूस हिशेब करतो : याच्या घरचं कोण येईल भांडायला? सरपंचाच्या नातवाच्या वाट्याला कोणी जात नाही. ज्या मुलीची आई ऊसतोडीला, बाप दारूत आणि आजी आंधळी, तिच्याबाबत हा हिशेब फटकन जुळतो. म्हणून समतेची फाइल बंद ठेवून सुरक्षिततेची फाइल कितीही जाड केली, तरी ती कागदांचीच राहते.

ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर सफाई कर्मचाऱ्यानं अत्याचार केल्याचं उघड झालं. लोक रेल्वे रुळावर उतरले, उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, संस्थाचालकांवर घटना न कळवल्याचा गुन्हा दाखल झाला. २१ ऑगस्टला सरकारचा निर्णय निघाला : कॅमेरे लावा, तक्रारपेटी लावा, पडताळणी करा, सखी सावित्री समिती नेमा. यातली तक्रारपेटी २०१७च्या परिपत्रकात आधीच होती आणि सखी सावित्री समितीचा निर्णय मार्च २०२२चा. म्हणजे जे आधीच सांगितलं होतं तेच पुन्हा सांगावं लागलं. आपल्याकडे परिपत्रकाला परिपत्रकाचीच आठवण करून द्यावी लागते.

या तक्रारपेटीकडे कधी नीट पाहा. पत्र्याची लाल पेटी, वर पांढऱ्या रंगात अक्षरं, छोटं पितळी कुलूप. ती कुठं टांगलेली असते? मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी, शिपाई बसतो त्या स्टुलाच्या डोक्यावर आणि आता नव्यानं बसवलेल्या कॅमेऱ्याच्या बरोब्बर समोर. सातवीतल्या मुलीनं सगळ्यांच्या देखत तिथं जाऊन चिठ्ठी टाकायची, तीही कदाचित त्याच शिपायाबद्दल. किल्ली कोणाच्या खणात, तर ज्याच्याबद्दल तक्रार असू शकते त्याच्याच सहकाऱ्याच्या. वर्षभर पेटी रिकामी राहते आणि अहवालात लिहिलं जातं : तक्रार निरंक. हा ‘निरंक’ शब्द सरकारी दप्तरातला सगळ्यांत सोयीचा शब्द आहे.

पेटीची जागा बदलायला निधी लागत नाही. ती मुलींच्या पाण्याच्या टाकीकडे न्यावी, जिथं दिवसातून चारदा जायला कोणाला कारण लागत नाही. किल्ली गावातल्या एखाद्या आईकडे द्यावी, पेटी दोघा-तिघांसमोर उघडावी. चिठ्ठीत ‘अमके सर चुकीचं शिकवतात’ असं निघालं तरी ते वाचून त्यावर काहीतरी करून दाखवावं. क्षुल्लक तक्रारीची दाद लागली, तर मोठी तक्रार लिहायचं बळ येतं. आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं काय? पहिली-दुसरीतली लेकरं, किंवा आठवीत पोचूनही अडखळत लिहिणारी मागच्या बाकावरची मुलं. त्यांच्यासाठी पेटीपेक्षा माणूसच लागतो. शाळेत असं एक तरी माणूस असावं, ज्याच्याजवळ जाऊन पोर नुसतं उभं राहिलं तरी त्याला कळेल. ते शिक्षकच असेल असं नाही. खिचडी शिजवणारी मावशीही असू शकते. सखी सावित्री समितीत तिला घ्यायला हवं, असं मला नेहमी वाटतं.

मुख्याध्यापक कोणत्या बाजूला उभा राहतो यावर सारं अवलंबून असतं, हे जुलै २०२५मध्ये शहापूरला दिसलं. शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींना ओळीनं उभं करून, कपडे उतरवून, पाळी कोणाला आली हे तपासलं गेलं. तिथं प्रमुखपदी बाईच होत्या आणि अटक त्यांनाही झाली. म्हणजे केवळ महिला मुख्याध्यापक नेमल्या की मुली सुरक्षित, असंही नाही. त्या मुलीला हवं होतं एक पॅड, थोडं पाणी आणि कोणी न विचारता मिळालेली पाच मिनिटं. शाळेला हवी होती फरशी स्वच्छ. पोरीपेक्षा फरशी जपली गेली.

फरशीच्या जागी ‘शाळेचं नाव’ घाला, म्हणजे आपल्या भागातली गोष्ट सुरू होते. काही झालं की स्टाफरूममध्ये पहिलं वाक्य येतं : गावात बोभाटा नको. दुसरं : मुलीच्याच भवितव्याचा प्रश्न आहे. तिसरं : बघू, संस्थेला विचारून ठरवू. पोक्सो कायदा नोव्हेंबर २०१२पासून लागू आहे आणि त्याच्या कलम १९नं ही तिन्ही वाक्यं निकालात काढली आहेत. गुन्हा झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी शंका जरी आली, तरी पोलिसांना कळवायचं. शहानिशा शाळेनं करायची नाही. ते पोलिसांचं आणि न्यायालयाचं काम. हाताखालच्या माणसानं केलेला गुन्हा संस्थेच्या प्रमुखानं कळवला नाही तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलीचं नाव फुटू नये याचीही कायद्यानं तजवीज केलेली आहे, म्हणजे ‘तिच्या भवितव्या’चा बहाणा उरत नाही. संस्थेच्या परवानगीचा तर संबंधच नाही. आणि ‘मुलीचं’ हा शब्दही अपुरा आहे. केंद्र सरकारनं २००७मध्ये तेरा राज्यांत केलेल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला होता, आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. वसतिगृहातला, क्रीडा शिबिरातला मुलगा तर बोलतच नाही. बोलला तर हसतील, ही भीती त्याला जास्त असते.

आता हरेगावच्याच जिल्ह्यातल्या दोन गावांची नावं घेतो. खर्डा आणि कोपर्डी. २८ एप्रिल २०१४ला जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या एका दलित मुलाचा खून झाला. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो, एवढंच निमित्त. त्याला शाळेच्या आवारातूनच मारत नेलं, असा आरोप होता. खटल्यात साक्षीदार फितूर होत गेले आणि नोव्हेंबर २०१७मध्ये आरोपी सुटले. १३ जुलै २०१६ला कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत नववीतल्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. त्यात तिघं दोषी ठरले, तेही नोव्हेंबर २०१७मध्येच आणि नगरच्याच न्यायालयात. दोन्ही लेकरं याच जिल्ह्याच्या शाळांतली. कोपर्डीसाठी राज्यभर लाखोंचे मोर्चे निघाले, आणि त्यांतलं दुःख खरं होतं. खर्ड्याच्या पोरासाठी साक्ष द्यायलाही माणसं टिकली नाहीत. आपलं दुःखसुद्धा जातीच्या रांगेत उभं राहतं, हे मान्य केल्याशिवाय शाळेतल्या सुरक्षिततेवर बोलण्यात अर्थ नाही. जामखेड हा अहिल्यादेवींच्या चौंडीचा तालुका आहे. जिल्ह्याला त्यांचं नाव देऊन झालं. त्यांच्या न्यायाचं पुढं बघू, असं दिसतं.

शाळेच्या आवारात परके लोक शिरून पोराला मारत असतील, तर त्या क्षणी मुख्याध्यापकानं काय करायचं? मध्ये पडायचं. याला दुसरं उत्तर नाही, आणि हे उत्तर नवंही नाही. सावित्रीबाई फुल्यांचं शिक्षिकेचं प्रशिक्षण ज्या शहरांत झालं, त्यांत एक नगर होतं. अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांच्या हाताखाली त्या इथं शिकल्या. पुढं १८६८मध्ये नायगावहून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी एक प्रसंग कळवला आहे. एक ब्राह्मण तरुण आणि एक महार मुलगी यांचं जमलं होतं. गावकरी दोघांना धिंड काढून मारायला निघाले होते. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घातला, दोघांना सोडवलं आणि जोतिरावांकडे पाठवून दिलं. त्यांच्याजवळ ना पद होतं ना पोलीस. होतं ते एवढंच, की कायदा काय म्हणतो हे त्यांना माहीत होतं आणि जमावासमोर ते मोठ्यानं सांगायची छाती होती. आजच्या मुख्याध्यापकाच्या हातात मोबाइल आहे, १०९८ आणि ११२ हे क्रमांक आहेत, भिंतीवर कायदा छापून लावलेला आहे. तीन जानेवारीला त्याच भिंतीखाली सावित्रीबाईंच्या फोटोला हार घातला जातो. त्या हारापेक्षा हे पत्र शिक्षकांच्या बैठकीत वाचावं.

कर्मवीर भाऊराव पाटलांचंही तसंच. एका शाळेत महार मुलाला वर्गाबाहेर बसवलेलं त्यांनी पाहिलं. त्यांनी त्या मुलाला उचलून कोल्हापूरला आणलं आणि मिस क्लार्क वसतिगृहात ठेवलं. तो मुलगा, ज्ञानदेव घोलप, पुढं मुंबईच्या विधिमंडळात पोचला. १९२४मध्ये साताऱ्याला बोर्डिंग काढलं तेव्हा सगळ्या जातींची पोरं एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीत जेवत. भाऊरावांना कळलं होतं की वर्गाबाहेर बसलेलं पोर ऊन-पावसापेक्षा आतल्यांच्या नजरेनं जास्त पोळतं. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयं आज श्रीरामपूर-कोपरगावपर्यंत पसरलेली आहेत. संस्थेचं बोधचिन्ह असलेला वटवृक्ष सगळीकडे रंगवलेला दिसतो. पंगत अजून एक आहे का, हे मात्र पोषण आहाराच्या वेळी ओट्यावर उभं राहून बघावं लागतं. ताटं कोण घासतं, झाडू कोणाच्या हातात, पाण्याच्या माठात ओगराळं कोण बुडवतं आणि कोणाला वरून ओतून देतात. शाळेचं खरं निरीक्षण या वीस मिनिटांत होतं.

बेलापूरच्या परिसरातल्या मुख्याध्यापकाला आणखी एक परीक्षा द्यावी लागते, आणि ती दरवर्षी दसऱ्यानंतर सुरू होते. लोणीच्या माळावर १९५०मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढं या पट्ट्यात कारखान्यांची रांग लागली. ऊस तोडायला बीडहून, पाथर्डीहून टोळ्या येतात. कोप्या पडतात. पहाटे आई-बाप फडात जातात आणि दिवसभर कोपीवर राहते ती दहा-बारा वर्षांची मुलगी आणि तिच्या कडेवरचं भावंड. दार नाही, कडी नाही, आसपास उसाचं रान, त्यात बिबट्या आणि बिबट्याहून वाईट माणसं. पोरगी वयात आली की आई-बापाची झोप उडते. तिचं लग्न लावून दिलं की जबाबदारी जाते, वर नवरा-बायकोचा एक कोयता वाढतो, म्हणजे मुकादमाकडून उचल मिळते. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के अठराच्या आत बोहल्यावर चढल्या होत्या, असं २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. त्या आकड्याच्या मागं अशा कोप्या आहेत. आई-बापांना दूषणं देणं सोपं आहे. त्यांना दिवसभर पोरगी ठेवायला सुरक्षित जागा कोणी दिली होती?

ती जागा शाळा होऊ शकते. दाखला नाही, म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायदा तसं स्पष्ट सांगतो. शिक्षण हमी कार्डाची सोय त्यासाठीच आहे. तरीही ही मुलं पटावर घ्यायला शाळा नाखूश असतात. चार महिन्यांत निघून जातील, गुणवत्तेची सरासरी बिघडेल, कोणी उवा आणेल म्हणून गावातले पालक कुरकुर करतील. आणि भावंडाला सोबत आणू दिल्याशिवाय मोठी मुलगी येणारच नाही, हे तर परिपत्रकात कुठंच लिहिलेलं नाही. ते मुख्याध्यापकानं अंगणवाडी सेविकेशी बोलून जुळवायचं असतं. एवढ्यानं मुलगी वर्गात येते. वर्गात आली की दिवसाचे सहा तास तिच्यावर कोणाची तरी मायेची नजर असते.

ओहोटी लागलेल्या शाळेत हे करणं आणखी जड जातं, हेही खरं. ज्यांना परवडतं त्यांची मुलं पिवळ्या बसनं इंग्रजी शाळेत जातात. जिल्हा परिषदेच्या आणि छोट्या अनुदानित शाळांत उरतात ती ज्यांना दुसरीकडे जाता येत नाही. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतात, उरलेले निवडणूक याद्या आणि सर्वेक्षणात अडकतात. मग मुख्याध्यापक काहीतरी डोळ्यांत भरेल असं करायला जातो : भिंतींवर रेल्वेचे डबे रंगवतो, स्मार्ट टीव्ही लावतो. परितेवाडीचे रणजितसिंह डिसले २०२०मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार जिंकले तेव्हा सगळीकडे क्यूआर कोडची चर्चा झाली. गोठा आणि कोठारामधल्या पडक्या खोलीत त्यांनी सुरुवात केली, घरोघर जाऊन मुलींना शाळेत आणलं, गावातली बालविवाहाची रीत मोडायला हात घातला, हे मागं पडलं. कोड चिकटवणं सोपं असतं. एखाद्या घरी तिसऱ्यांदा जाऊन ओट्यावर बसणं जड जातं.

फुकट होणाऱ्या किती तरी गोष्टी आहेत. शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना भर वर्गात ‘एस.सी.ची, एन.टी.ची मुलं उभी राहा’ असं पुकारायचं बंद करायचं. यादी कार्यालयात असते, मुलाला एकट्याला बोलावता येतं. दर सोमवारी बाकं बदलायची म्हणजे मागचा बाक कोणाच्या नावावर राहत नाही. काहीही हरवलं तरी कोणाचं दप्तर तपासायचं नाही. मारायचं नाही, कारण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७नं ते बंद केलंय. सवयीनं अजून बंद केलेलं नाही, म्हणून सांगावं लागतं. सलग तीन दिवस मुलगी आली नाही तर घरी माणूस पाठवायचा. एसटीचा मोफत पास आहे पण शाळा सुटल्यावर गाडी दीड तासानं येते, तर तो दीड तास मुलींनी थांब्यावर टपरीच्या पोरांच्या नजरा झेलत काढायचा का, हे आगारप्रमुखाला पत्र लिहून विचारायचं. गाडीची वेळ बदलत नसेल तर शाळेचा एक वर्ग तोवर उघडा ठेवायचा. गरीब मुलींचा उपस्थिती भत्ता १९९२मध्ये दिवसाला एक रुपया ठरला आणि पुढं तीन दशकं एकच राहिला. ते मुख्याध्यापकाच्या हातात नाही. वर्ग उघडा ठेवणं आहे.

आणि हे करणाऱ्या माणसाला एकटं पाडलं जाणार, हे धरून चालायला हवं. गावात मान असलेल्या शिक्षकाविरुद्ध पोलिसांत कळवलं, तर संध्याकाळी घरी चार मोठी माणसं येतील. ‘सर, मिटवून घ्या, माणूस चांगला आहे’ म्हणतील. बदलीची भाषा निघेल. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीकडे पाहायला हवं. कायद्यानं तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका, वंचित घरांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. कागदावर ही फार मोठी ताकद आहे. प्रत्यक्षात बैठकीची वही शिपाई घरोघर फिरवतो आणि भांडी घासता घासता ओले हात पदराला पुसून बाई सही करते, कशावर ते न विचारता. बेलापुरात, हरेगावात, तुमच्या गावात कुठंही, पुढच्या बैठकीच्या दिवशी शाळेत जा आणि ती वही मागा. कोपीवरच्या, वस्तीवरच्या किती आया त्या दिवशी खुर्चीवर बसल्या होत्या ते बघा. बैठक फडाच्या वेळेत ठेवली असेल तर ती रात्री आठला घ्यायला सांगा.